झाकण

शहापुरात, आमच्या बोळाच्या तोंडाला
चेंबरचं झाकण फुटलं, त्याला आज एकेचाळीस दिवस.
मोजते, कारण माझं झेरॉक्सचं दुकान
बरोबर समोर.

पहिल्याच दिवशी ॲपवर तक्रार टाकली.
ॲपनं विचारलं, भाषा कोणती? कन्नड की इंग्लिश?
मला दोन्ही येतात. खरं भोकात पाय गेला
की माणूस ‘आई गं’ म्हणतो, नाहीतर ‘अव्वा’.
त्याचं बटण कुठाय?

तिसऱ्या दिवशी मेसेज: निवारण झाले आहे.
सोबत फोटो. नवंकोरं झाकण, शेजारी गुलमोहर.
आमच्या बोळात गुलमोहर नाही.
कुणाच्या तरी दारातलं झाकण
माझ्या नावावर जमा.

मग मी चिंचेची फांदी रोवली,
लांबून दिसावी म्हणून जुन्या साडीचा तुकडा बांधला.
नारिंगी. तीच साडी फाटली होती, दुसरं काही नाही.
दुपारी एकानं गाडी थांबवून हात जोडले.
संध्याकाळी दुसऱ्यानं विचारलं,
झेंड्याची परवानगी काढलीय काय?
सकाळी बघते तर वर आणखी एक कापड, लाल-पिवळं.
मग पोलीस.
दोन्ही कापडं जप्त, फांदीपण जप्त.
भोक तेवढं राहिलं.
पंचनाम्याची झेरॉक्स माझ्याकडंच काढली,
तीन प्रती, सहा रुपये.

एक नोव्हेंबरला इकडून काळ्या फिती जातात,
तिकडून डॉल्बी. दोघांचीही पत्रकं
मीच छापून देते. शाई एकच लागते,
हे मी कुणाला सांगत नाही.

पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणाले.
केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?
माझी अक्षरं खाली गेली, मुंगीएवढी झाली.
शेजारची शिवलीला बघून हसली,
‘अगं, रंगाऱ्यानं कन्नड चुकवलंय.’
ब्रश घेऊन वर चढली.
मी स्टूल धरून उभी.

भाऊ म्हणतो, बायकांना फुकट बस देऊन सरकार बुडालं.
गंगव्वाला विचारलं, वाचलेल्या पैशाचं काय करतीस?
‘चहा पिते की.’
एवढं सरळ उत्तर मला
कुठल्या अर्थसंकल्पात सापडलं नाही.

स्मार्ट रस्त्यावर सायकलींचा पट्टा आहे,
त्यावर मोटारी झोपतात.
चौकात कॅमेरा आहे. हेल्मेट नसलं
की घरी फोटो येतो, नंबर अगदी स्वच्छ.
एवढा चांगला डोळा,
खरं तो खाली बघत नाही.
आणि डिसेंबरात अख्खं सरकार इथं मुक्कामाला येतं,
तेव्हा त्या रस्त्याची सगळी झाकणं जागेवर.
मला यंत्राचा राग नाही, मी यंत्रावरच जगते.
यंत्राला उत्तर माहीत असतं.
प्रश्न कुणी टाकायचा, तेवढंच भांडण.

परवा भरमाण्णा सांबरेकर पडला,
रात्रपाळीहून येताना. घोट्याला प्लॅस्टर.
बघायला गेले तर म्हणाला,
‘तुझी फांदी असती तर दिसलं असतं गं.’
त्या रात्री जेवण गेलं नाही.

आज सकाळी दुकानातलं बंद पडलेलं मशीन
आम्ही दोघींनी बाहेर ओढलं.
ती ‘ओंदु’ म्हणाली, मी ‘दोन’ म्हणाले,
तीनला कुणी काही बोललं नाही, नुसता जोर लावला.
बसलं भोकावर. हललं नाही.

तेवढ्यात ॲप वाजलं:
आमच्या सेवेला किती तारे द्याल?

संध्याकाळपर्यंत दोघं झेरॉक्स मागून गेले,
एका कुत्र्यानं पाय वर केला.
मशीनवर अजून कुणी काही बांधलेलं नाही.
रंग करडा आहे,
बरं झालं.