कोरड्या अंगणातला पाग

बाबा वीज खात्यात शिपाई होते, चावडीच्या हपिसात,
एकोणतीस वर्षं.
घराखाली तळपणची नदी, पण तिच्यात पाय बुडवायला
रविवारही मिळत नसे. तारा रविवारीच तुटत.
तरी रोज संध्याकाळी, सव्वासहाला,
खाकी शर्ट खुंटीवर जाई
आणि त्याच खुंटीवरून पाग खाली येई.

मग अंगण. शेणाने सारवलेलं.
एका कडेला अबोली, दुसरीकडे विहीर,
मध्ये पाणी नाही, मासा नाही, काही नाही.
डाव्या मनगटाला दोरी, कोपरावर अर्धं जाळं,
शिशाच्या मण्यांची कडा दातांत धरून
कमरेतून एक गिरकी,
आणि पाग उघडे,
क्षणभर हवेत थांबल्यासारखा,
मग सगळे मणी एकदम भुईवर,
मूठभर चिंचोके सांडावेत तसे.
एक मणी मागे राहिला
तरी बाबांच्या कानाला तो कळे.
मान हलवत. पुन्हा.

एकदा आमची तांबडी कोंबडी सापडली.
पिएदादचा धाकटा तर मुद्दाम येऊन उभा राहायचा,
मला पकडा म्हणून.
वाटेवरून कुणी हटकी, "सगुण, आज काय लागलं?"
"आज गोल लागला," बाबा म्हणत,
नाहीतर, "आज वाकडा."

कशाला हे, मी विचारलं होतं. नववीत होते,
मैत्रिणींपुढे लाज वाटायची.
"हात विसरता गो बाय," ते म्हणाले.
"डोकं विसरलं तर दुसऱ्याला विचारता येतं.
हात विसरला तर विचारू कुणाला?"

निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या पहाटे
होडीत मीही होते.
पहिला पाग पडला पोत्यासारखा.
दुसरा लांबट, दोडक्यासारखा.
अंगण कधी हललं नव्हतं, होडी हलत होती.
बाबांनी होडीला शिव्या घातल्या, ओहोटीला घातल्या,
मला म्हणाले, तू नीट बस.
बाराव्या खेपेला गोल.
तीन शेवटे, वीतभर.

एकाहत्तराव्या वर्षी कवळी बसवली.
पहिल्याच फेकीत जाळ्याबरोबर दातही गेले.
वर आलं तेव्हा त्यात दोन काळुंदर होते,
दात नव्हते.
तीन दिवस बाबा तिथेच जाळं ओढत राहिले
आणि आई हसून हसून पायरीवर बसली.
चौथ्या दिवशी पुन्हा अंगणात आले.
दातांचं काम आता खांद्याकडे.
पाग पोत्यासारखा पडला.
पिएदादचा धाकटा, आता मिशी फुटलेला,
वाटेवर उभा राहून बघत होता. हसला नाही.

मी नर्स. दोन मुलांपायी सहा वर्षं घरी बसले,
मग काणकोणच्या आरोग्य केंद्रात परत गेले.
पहिली पेशंट गावडोंगरीची म्हातारी.
तीनदा सुई टोचली, शीर सापडेना.
ती काही बोलली नाही,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.
ते बघणं मी घरी घेऊन आले.

तेव्हापासून दिवेलागणीनंतर
बाबा हात पुढे करतात.
पागाचीच दोरी दंडाला, सैलसर.
सुई नाही. माझे डोळे मिटलेले,
दोन बोटं फक्त.
म्हाताऱ्या शिरा बोटाखालून सटकतात,
शेवट्यासारख्या, शेपटी दाखवून.
थांबायचं. दाब कमी करायचा.
कातडीखाली काहीतरी मऊ, उसळतं,
आहे, नाही, आहे.

अर्ध्यात त्यांना डुलकी लागते.
बाहेर धुळीत मण्यांचा वेढा उमटलेला,
अजून थोडा वाकडा,
त्यातून कोंबडी चालत गेलेली.
दचकून जागे होतात.
"लागली?"
"लागली."
"मग सोड," म्हणतात,
आणि दोरी सोडून
माझ्याच हातात देतात.