जाजमाचा काठ

मुंबईहून कागद आला, छापील, दोन्ही अंगांनी:
साहेब भेटीस येतील तेव्हा राजांनी
जाजमाच्या काठापर्यंत सामोरे यावे.
'काठापर्यंत'च्या खाली लाल रेघ.

मागच्या साली आलेला साहेब याच्याहून एक पायरी वरचा.
त्याला काठ दिला होता.
हा त्याच्या हाताखालचा, याला निम्मे जाजम पुरे,
असे आमच्या दप्तरातली मोडी याद सांगते.
चिकाच्या पडद्याआडून आईसाहेबही तेच सांगतात:
"निम्मं. पुढं एक पाऊल नाही.
थोरले असते तर..."
आणि पडदा हलायचा थांबतो.

मी तिमाजी, हुजूर कारकून, दरमहा रुपये अकरा.
सोलापुरात तळ्याच्या अलीकडे माळावर आमचा डेरा,
चैत्राचे ऊन, काळ्या रानाला भेगा अशा
की टाक पडला तर गेलाच.
तीन रात्री मी नुसते प्रश्न लिहीत होतो.
साहेबाची खुर्ची उजवीकडे, पण उंची किती?
बूट काढणार नाहीत; मग राजांच्या पायात काय?
अत्तर राजांच्या हातून एकालाच,
बाकीच्यांना कारभाऱ्यांच्या हातून.
विडा कधी द्यायचा? विडा म्हणजे 'आता उठा',
तो लवकर दिला तर अपमान, उशिरा दिला तर जेवण.
तोफांची सलामी आम्हांस नाहीच,
तेवढा एक प्रश्न वाचला.

शेवटी लाडलेसाब फरासाने विचारले,
"काय झालंय की ओ, जेवला पण नाहीत?"
मी सांगितले. तो शेंगा सोलत होता.
एक दाणा तोंडात टाकून म्हणाला,
"त्यांना काठ पाहिजे, आईसाहेबांना निम्मं.
मग भांडण कुठाय?
काठ कुठं असतोय ते मी ठरवतोय की."

पहाटे त्याने जाजम अंथरले
आणि पुढचे सात हात आत दुमडले.
वरून पाणी शिंपडले, हाताने दाबले,
घडीवर घटकाभर स्वतः बसून राहिला.
झाला काठ.

पेंडल्टन साहेब आले. बग्गी, चार स्वार,
मागे एक दुभाषा, घामाने भिजलेला.
राजे निघाले. वय वर्षे नऊ.
मंदिल मोठा, भुवयांवर उतरलेला,
ओठांत पावले मोजणे चाललेले; मीच शिकवले होते.
तेरा. थांबले. बरोबर काठावर. बरोबर निम्म्यावर.
लाल रेघ खूश, पडदा खूश.
मी श्वास सोडला,
तोच साहेबाचा बूट घडीला अडला.

साहेब पडलाच असता.
पण राजांनी मोजणे सोडून
एक उडी मारली, काठाच्या पलीकडे,
अनवाणी, तापल्या काळ्या मातीत,
आणि त्या भल्या माणसाचा कोपर दोन्ही हातांनी धरला.
मंदिल खाली.
"लागलं का?" राजांनी विचारले.
दुभाष्याने तोंड उघडले आणि तसेच ठेवले.
हे कोणत्याच कागदात नव्हते.
साहेब हसला. त्याला उत्तर कळले होते, प्रश्न नव्हता कळला;
की उलट, मला आजही नक्की सांगता येत नाही.

अत्तर झाले, विडा वेळेवर झाला.
रात्री आईसाहेबांनी विचारले,
"पायाला पोळलं का त्याच्या?"
एवढेच विचारले.

मी अहवालात लिहिले:
भेट रीतीप्रमाणे पार पडली.
राजे जाजमाच्या काठापर्यंत सामोरे आले.
दोन्ही वाक्ये खरी आहेत. टाक थोडा अडखळला.

लाडलेसाबने जाजम उलगडले, झटकले.
सात हातांतून शेंगांची टरफले निघाली, एक मुंगळा,
आणि कुणाच्याच पायाखाली न आलेला
मूळचा गडद रंग.
घडीची रेघ मात्र गेली नाही.
अजूनही जाजम अंथरले की तिथे उंचवटा येतो,
कुणी ना कुणी अडखळतो.
फरास हाक मारून सांगतो,
"बघून की ओ, तिथं काठ आहे."
लोक खाली बघतात. जाजम तर पुढे सात हात पसरलेले.