संमतीपत्र, आवृत्ती सातवी

एक्स-रे विभागाच्या मागे, लिफ्टला लागून माझं टेबल.
इथे बसून मी हृदयाचं मराठी करते.
आर्टरीला रोहिणी, व्हेनला नीला,
वरचे कप्पे अलिंद, खालचे निलय.
जुन्या पाठ्यपुस्तकात निलयाला जवनिका म्हणायचे.
मला आवडायचा तो शब्द, रंगमंचाच्या पडद्यासारखा,
पण डॉक्टर इनामदार म्हणाले,
'पडदा नको हो. पेशंट काय समजेल?'
मर्मर मात्र ठेवला.
पिंपळाखाली बसल्यासारखं वाटतं वाचताना,
दुखणं असेल असं वाटतच नाही.

काळीज मी पहिल्याच आवृत्तीत खोडलं.
काळीज म्हणजे यकृत. खाटकाला विचारा.
समासात तसं लिहून खाली सहीही केली.

मंगळवारी दुपारी ज्ञानोबा खराडे आले,
मार्केट यार्डात, भुसार विभागात तोलणार,
छत्तीस वर्षं.
सोबत हौसाबाई. पिशवीत डबा, रिपोर्ट,
आणि घराला कुलूप लावलं की नाही हा घोर.
मी नेहमीच्या संथ आवाजात वाचलं,
'रुग्णाच्या डाव्या हृद्‌रोहिणीत
नव्वद टक्के अडथळा आढळला असून…'

हौसाबाईंनी पदर खोचला.
'कोण ही रोहिणी?'

ज्ञानोबा छताकडे बघत राहिले.
ज्यांच्या हातात काटा कधी गव्हाच्या दाण्याएवढाही
कुणाच्या बाजूला झुकला नाही,
त्यांच्यावर ही वेळ.

मी नळी म्हणाले. पाइप म्हणाले.
फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर
एक वेडावाकडा पेरू काढला, त्याला फाटे काढले.
ज्ञानोबांनी मानेनंच थांबवलं.
'सातारा रस्त्याला ते दगडी उच्छ्वास आहेत ना,
पेशव्यांच्या नळाचे?
कात्रजचं पाणी त्या नळानं गावातल्या हौदांत यायचं.
मधे कुठं गाळ धरला
की पुढची पेठ कोरडी.
तसंच ना?'

तसंच.
माझ्याकडे कोशाचे तीन जाड खंड आहेत.
त्यात उच्छ्वास आहे,
पण फुप्फुसाच्या प्रकरणात.

'मग काढा गाळ,' ते म्हणाले. 'सही कुठं करू?'

मनगटातून तार आत गेली.
काचेच्या अलीकडे मी उभी, काम नसताना.
पडद्यावर दर ठोक्याला
काळ्या शाईचं एक झाड उगवत होतं आणि विझत होतं.
एक फांदी मधेच तुटलेली.
मग फुगा फुगला, जाळी बसली,
शाई पुढे सरकली, आणि
इतके बारीक डहाळे उमटले
की मी चष्मा पुसला.
केशवाहिनी हा शब्द शंभरदा टंकला असेल मी.
आता वाटतं, माझ्या डोळ्यांना दिसलं
तेही त्यांच्या अलीकडचंच काही असावं.

बाहेर बाकावर हौसाबाई.
डॉक्टर समोरून गेले, त्यांना काही विचारलं नाही.
मला बघून उठल्या,
आणि माहेरच्या कुणाची चौकशी करावी तसं विचारलं,
'रोहिणी कशी आहे आता?'

'मोकळी झाली,' मी म्हणाले.
बाळंतिणीची बातमी ऐकावी तशा त्या हसल्या,
मग तोंडाला पदर लावला.
'सकाळपासनं काळजाचं पाणी पाणी झालं होतं हो.'

मी त्यांना यकृताबद्दल काही बोलले नाही.

संध्याकाळी सातवी आवृत्ती उघडली.
हृद्‌रोहिणी खोडायचं ठरवून बसले होते.
खोडलं नाही.
तिच्यापुढे 'म्हणजे' लिहिलं,
आणि त्या म्हणजेपुढे
बराच वेळ काहीच लिहिलं नाही.
शेजारी लिफ्ट वर गेली.
खाली आली.
पुन्हा वर गेली.