दुभाषिणीची खुर्ची

करारात एक कलम होतं:
"तो म्हणाला", "ती म्हणाली" असं म्हणायचं नाही.
बोलणारा मी म्हणाला, की तुम्हीही मीच म्हणायचं.
सही केली. दिवसाचे पैसे बरे होते
आणि येरेवानला जाण्यायेण्याचं भाडं वेगळं.

सहा जण त्स्खिन्वालीकडचे, सहा गोरीच्या बाजूचे,
मधे मी. आई तिकडची, बाप इकडचा.
पाण्याचा जग. खिडकीची न लागणारी कडी.

अनुश बाईंनी दोन्हीकडची
नववीची इतिहासाची पुस्तकं शेजारी उघडून ठेवली.
ऑगस्टचा तोच आठवडा. इथे सव्वा पान, तिथे अकरा.
म्हणाल्या, आता मिटा.
तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते सांगा.

आत्सामाझ बोलला, मी बोलले:
मी पाच वर्षांचा. तळघरात तीन रात्री.
भावाला दमा, आणि पंप वर, स्वयंपाकघरात, फ्रिजवर.
आई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परतली.
तिसऱ्यांदा वर पोचली तेव्हा
स्वयंपाकघर नव्हतं.

तोर्निके बोलला, मी बोलले:
मी सहा वर्षांचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गाद्यांच्या ढिगावर.
मागे दिसत होता तो धूर आमचाच,
हे मला कुणी सांगितलं नाही.
आता तारेपलीकडे सफरचंदाची एकशेचाळीस झाडं,
अलीकडे साठ.
साठांना पाणी नाही. कालव्याचं दार तुमच्याकडे.

या दोन्ही भाषांत क्रियापदाला बाईपण-बुवापण नसतं.
त्यामुळे दुपारपर्यंत तळघरातही मीच होते
आणि ट्रॉलीतही मीच,
आणि माझा घसा बसला.

चहाच्या सुट्टीत दोन गट दोन भिंतींना.
झालीना तेवढी माझ्यापाशी आली. रडवेली नव्हती,
चिडलेली होती:
"त्याचं बोलणं तू इतकं चांगलं का बोलतेस?"
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, विषय भलताच चालू असताना,
आत्सामाझनं सांगून टाकलं.
मी म्हटलं: दाराची चावी माझ्या काकाकडे असते.
सहा माना माझ्याकडे वळल्या,
जणू आता पर्समधून काढून टेबलावर ठेवीन.
मग तो उघडत का नाही?
त्याला वरून सांगतात.
वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही माहीत नाही.
तोर्निके हसला. चांगलं हसणं नव्हतं ते.

पुष्कळ वेळानं:
सफरचंदांना पाणी केव्हा लागतं?
जूनमध्ये एकदा. फळ अक्रोडाएवढं झालं
की जुलैत दोनदा.
आत्सामाझनं वहीत लिहून घेतलं.
पेन नव्हतं, तोर्निकेचं घेतलं.
"जुलैत बघू," म्हणाला.

आता हे बघू.
आम्ही बघू, की आपण बघू?
तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे, यांना एकच शब्द आहे;
ऐकणारा घरात की उंबऱ्याबाहेर, तो शब्द सांगत नाही.
मला काही ठरवावं लागलं नाही.
जसा आला तसा, झाकण न उघडता,
पलीकडे सरकवला.
तोर्निकेनं तो कसा घेतला, मला ठाऊक नाही.

जुलै आला. कालव्यात सरडे.
तोर्निकेचा निरोप माझ्या फोनवर:
विचार त्याला, वही हरवली का.
उत्तर मी नियमाप्रमाणे पोचवलं:
वही आहे माझ्याकडे. काकाची बदली झाली.
तुझं पेन राहिलंय, कुठे पाठवू?

तिकडचं टपाल इकडे येत नाही,
हे दोघांनाही माहीत आहे.
तरी तोर्निकेनं पत्ता पाठवला.
गावाचं नाव दोन्ही लिप्यांत लिहिलेलं,
दुसऱ्या लिपीत एक अक्षर चुकलेलं.

ते मी दुरुस्त केलं नाही.