लांबची हाक

कणकुंबीच्या खाली, रस्ता जिथं जांभ्यात विरून जातो,
तिथं आमची सात घरं.
हेस्कॉमचे खांब अलीकडच्या वळणावर थांबलेत,
वनखात्याची पाटी वाचून.
पाटी कन्नडमध्ये आहे. खांबांना येत असावं.

मी उद्यमबागेत मोटारी बांधतो.
वेढे मोजून मोजून झोपेतही बोटं हलतात,
वार्निशचा वास नखांतून रविवारीही जात नाही.
व्हाळाला तेवीस मीटरची उडी आहे,
ती लहानपणापासून फुकट चाललेली बघितली होती.

फाउंड्रीतल्या बसलिंगनं पितळेच्या सोळा वाट्या ओतून दिल्या,
मधे कणा, दोन्हीकडे खोलगट, उकललेल्या शेंगेसारख्या.
पैसे विचारले तर म्हणाला, "इरली बिडो."
चाक झालं. काळा पाइप झाला. टोकाला तोटी.
पाणी कण्यावर आपटून दोन बाजूंना फुटलं
आणि टेम्पोचा जुना डायनॅमो घूं करून जागा झाला.

व्हाळाजवळ बल्ब लख्ख.
नऊशे मीटर वर, घरात,
तोच बल्ब विझत आलेल्या बिडीएवढा.
बारा व्होल्टची वीज वाटेतच बसून राहिली,
तार तापवत.
लुमाण्णा म्हणाला, जाड तार घे.
जाड तारेची किंमत ऐकून तोच गप्प झाला.

सोनव्वाआत्या भाकरी थापत होती.
"तू लहान असताना
पल्याडच्या काजूबागेतून तुला हाक मारायची,
तेव्हा सगळी गोष्ट सांगायची काय मी?
म्हैस व्यायली, पाडा झाला, खरवस ठेवलाय,
हे सगळं वाऱ्यावर जाईल की.
एकच शब्द. गळा उंच. 'येऽऽ!'
बाकीचं घरात. हळू."

मी तव्याकडे बघत राहिलो.
आयटीआयला दोन वर्षं हेच शिकवलं होतं,
फळ्यावर, वर्गाच्या चिन्हासकट.

डायनॅमो सोडला. गिरणीची भंगारातली मोटर आणली,
कपॅसिटर लावून तिलाच वीज काढायला लावली.
दोनशेतीसला, दोन अँपिअर: वाटेत ऐंशी वॅट जातात.
दाब दुप्पट केला, धारा एकावर आली,
नासाडी चौथाई, वीस.
व्हाळाशी एक ट्रान्सफॉर्मर गळा चढवायला,
घराशी दुसरा, उतरवायला.
दोघं मिळून थोडं स्वतः खातात, दलालासारखे.
खाऊ देत.

तार किंदळ, जांभूळ, माटीच्या अंगाखांद्यावरून नेली,
चिनी मातीच्या चिमण्यांवर बसवून.
खिळा एकाही झाडाला मारला नाही, दोरी बांधली.
रखवालदार येऊन बघून गेला, काही लिहिलं नाही.
मोबाइल कुठं चार्ज होतो एवढंच विचारलं.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती.
दिवे मालवले की चाक मोकाट सुटतं,
वीज कुठंतरी खर्चावीच लागते.
म्हणून उरलेली सगळी पाण्याच्या पिंपात सोडली.
आता सात घरांत पहाटे आंघोळीला गरम पाणी,
आणि आत्या म्हणते, बल्ब नसता तरी चाललं असतं.

पहिल्या संध्याकाळी मी खाली, तोटीपाशी होतो.
झडप उघडली. काटा चढला, थरथरला, थांबला.
दरीत तोंड वर करून ओरडलो, "पेटलाऽऽ?"
बराच वेळ नुसतं पाणी.
मग वरून, बारीक, उंच:
"होऽऽय!"

बाकीचं तिनं घरी सांगितलं,
चुलीमागची भिंत किती काळी होती ते,
आणि चाळीस वर्षं ती तिला पांढरी समजत होती ते.