सेकंडचा माल

बंधाऱ्याच्या बाजूला नको, म्हणाली भूदेवी,
तिकडं भजी, गोटी सोडा, फोटो काढणारी पोरं.
आपण मागनं जाऊ.
लाईट नाही म्हणून कारखाना बंद होता
आणि घरी दोघींनीही सांगितलं नव्हतं.

मैनोद्दीननं रिक्षा वळवताना विचारलं,
कुठं चाललालाव ओ, डबा घेऊन?
भूदेवी म्हणाली, समुद्राला.
तो हसला, मीटर टाकला नाही,
हिप्परग्याच्या अलीकडं तुरीच्या रानात
रस्ता संपला तिथं सोडून गेला.

इथून तलाव मोठा दिसतो.
पलीकडचा बंधारा म्हणजे कुणीतरी ओढलेली रेघ,
तिच्यावर माणसं मुंगीएवढी.
आमच्या बाजूला काळी भेगाळलेली माती,
तुटलेलं जाळं, एक रबरी चप्पल,
नखाएवढे शिंपले
आणि बगळ्याची पावलं, अर्ध्यात थांबलेली.

तिनं पिशवीतनं टॉवेल काढला, अंथरला.
गोव्याच्या हॉटेलची ती ऑर्डर.
पांढऱ्यावर निळा पट्टा, पट्ट्यात नांगर.
शेतातला नव्हे ओ, जहाजाचा,
असं मास्तरला चित्र दाखवून सांगावं लागलं होतं.
दीड महिना तेवढाच माल.
मी कडा मारत होते, ती धागे कापत होती,
नाकात निळा कापूस, थुंकीसुद्धा निळी.
शेवटच्या लॉटला हॉटेलचं नाव उलटं विणलं गेलं
आणि सगळे नग परत आले.
थोडे सेठनं किलोवर विकले,
उरलेले आमच्यात वाटले, दोन-दोन.
माझा एक भाकरीच्या टोपल्यात असतो,
दुसरा सासऱ्यांच्या अंगाखाली.

भूदेवीनं टॉवेल पालथा केला.
बघ, म्हणाली.
मागच्या बाजूनं नाव सुलटं होतं,
निळ्यावर पांढरं, एकेक अक्षर जागच्या जागी.
तिला इंग्रजी येत नाही, तेलुगू तेवढी वाचते,
मी वाचून दाखवलं, अडखळत.
तुझी शिलाई उसवून दुसऱ्या अंगानं मारली असती
तर झालं असतं की, म्हणाली.
मग बोलली का नाहीस?
मला कुणी विचारलं?

आम्ही कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीवर तेल घातलं.
बराच वेळ कानात माग चालूच होते,
खटक खटक,
बंद पडायला त्यांना पाऊण तास लागला.
त्यानंतर पाणी ऐकू आलं.
फार नव्हतं, मांजर दूध पितं तेवढंच.

कारखान्यात आम्ही ओरडून बोलतो,
नाहीतर ओठांवरनं ओळखतो.
अकरा वर्षांत तिचा खरा आवाज
मी ऐकलाच नव्हता म्हटलं तरी चालेल.
ती पाण्याकडं तोंड करून बसली होती,
लुगडं पोटरीपर्यंत, पाय चिखलात,
आणि काहीतरी बोलली, हळू,
अर्धं तेलुगूत. मला फक्त नीळ्ळू कळलं,
म्हणजे पाणी,
आणि पुढं बहुतेक एक नाव.

काय गं?
तिनं मान हलवली. काही नाही.
मी पुन्हा विचारलं नाही.
ओठ दिसत नव्हते.

परतताना तिनं टॉवेल तलावात बुडवला,
पिळला, पुन्हा बुडवला.
कशाला गं, ओला न्यायचा?
वापरलेला दिसू दे, म्हणाली.

रिक्षात तो तिच्या मांडीवर होता, जड.
तुळजापूर नाक्यापर्यंत पाणी ठिबकत राहिलं,
मैनोद्दीन आरशातनं बघत होता, बोलला नाही.
सकाळी आठला भोंगा.
नवी ऑर्डर आहे म्हणे, दवाखान्याची,
सगळा पांढरा माल, नाव नाही, काही नाही.