सात मिनिटं पुढे

शेडखाली गाडी उभी आहे, चौदा महिने झाले.
पत्रा तापला की टकटक वाजतो,
आणि फैजपुरात एप्रिलमध्ये तो दुपारभर तापतच असतो.

दिगंबर भारंबे फाटकातूनच म्हणतो,
"काय करी राह्यला भो रोज रोज?
काळी तार काढून ठेव, विषय संपला."
नवाज तडवीही तेच म्हणाला, आणि त्याचं तर दुकानच बॅटऱ्यांचं.
दोघांचं बरोबर आहे.

मी चार्जर लावतो.
लाल चिमटा आधी, काळा मागून.
काढताना उलट.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली.
चोवीस सेल, आणि ॲसिडने चाळणी झालेले माझे शर्ट.
रोज हायड्रोमीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा.
रात्री दोनला कुणी रिसीव्हर उचललाच
तर कानात तो लांब सूर आला पाहिजे.
लोकांना वाटायचं, तो आपोआप येतो.

शेवटची वही अर्धी कोरी राहिली, ती घरी आणली.
आता तिच्यात:
सोमवार, बारा पॉइंट सहा.
गुरुवार, लाइट गेली अकरा ते पाच. बारा पॉइंट चार.
तीन घरांत पाणी कमी, डिस्टिल्ड घातलं.
टोकांवर निळसर बुरशी. सोडा, गरम पाणी, व्हॅसलीन.
उंदरांसाठी डांबरगोळ्या बदलल्या.

नवाज म्हणतो, आपल्याकडे बॅटरीला ऊनच खातं.
जास्त दिलं तर उकळते, विसरलात तर बसते.
"थेंब थेंब चाटवायचं काका. पाजायचं नाही."

रविवारी हर्षलाचा फोन येतो, सस्काटूनहून.
गाडी कशी आहे?
बारा पॉइंट सात.
तिकडे किती?
उणे एकतीस.
एवढ्यात आमचं बरंचसं बोलून होतं.

जानेवारीत तिने व्हिडिओवर पार्किंग दाखवलं.
बर्फात ओळीने गाड्या,
प्रत्येकीच्या तोंडातून एक वायर लोंबणारी,
खांबावरच्या प्लगात खोचलेली.
"नाही लावलं तर सकाळी इंजिन गोठलेलं असतं, बाबा."
तिचा हातमोजा सारखा मधे येत होता.
तुझी कुठली, विचारलं.
तिने बोट दाखवलं.
मला दिसली नाही. हो म्हणालो.

मार्चमध्ये म्हणाली, विकून टाका ना,
किती दिवस सांभाळणार.
म्हटलं, गिऱ्हाईक बघतो.

बघितलं नाही असं नाही.
सावद्याचे एक मास्तर आले, टायरला लाथ मारून पाहिली,
चावी फिरवली. पहिल्या फटक्यात लागली.
खूश झाले. मग म्हणाले,
"घड्याळ तेवढं चुकलंय. सात मिनिटं पुढे आहे,"
आणि बटणाकडे बोट नेलं.

राहू द्या, मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

जळगावच्या ऑफिसला उशीर नको म्हणून
तिनेच लावलं होतं ते तसं.
तरी रोज उशीर व्हायचा,
कारण ती सात मिनिटं खोटी आहेत हे तिलाच माहीत.
काळी तार काढली असती
तर ते पुन्हा एक वाजण्यापासून मोजायला लागलं असतं,
कारखान्यातून आल्यासारखं.

मास्तरांना भाव पटला नाही.
म्हणजे मी पटू दिला नाही.

रात्री केळीचे ट्रक गेले, शेडचा पत्रा थरथरला,
चार्जरचा हिरवा दिवा तसाच.
वही उघडली.
शनिवार. बारा पॉइंट सात.
गिऱ्हाईक येऊन गेलं.